साक्षरतेची भिशी

आमचा वर्ग तालमीत भरायचा. लालबागच्या एका चाळीच्या तळमजल्यावर ती तालीम होती, आणि दुपारी, पहिली पाळी गिरणीत आणि रात्रपाळी झोपेत असताना, तिथे चिटपाखरूही नसायचं. म्हणून शहरातल्या प्रौढांना साक्षर करण्याचं काम बघणाऱ्या कचेरीने ती जागा बायकांच्या वर्गासाठी मागून घेतली. भिंतीला लेझीम टांगलेली, कोपऱ्यात मुद्गल उभे, हवेला तेलाचा आणि घामाचा वास, आणि समोर शेंदराने माखलेला मारुती. तालमीच्या मंडळींनी एकच अट घातली. मारुती ब्रह्मचारी, त्याच्यासमोर इतक्या बायकांनी रोज बसणं बरं नव्हे, तेव्हा वर्ग चालू असेपर्यंत त्याच्यापुढे पडदा हवा. मी म्हटलं, त्याला इतका संकोच वाटत असेल तर त्यानेच तेवढा वेळ बाहेर जाऊन बसावं. कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी दोरी बांधून एक फुलाफुलांची चादर तिथे लटकवली गेली, आणि पुढची काही वर्षं मी त्या चादरीसमोर उभी राहून मराठी शिकवलं.

मी राहायची गिरगावात, फणसवाडीत. मॅट्रिक झाले होते, लग्न जमत नव्हतं, आणि माझ्या तोंडाला घरचे कंटाळले होते. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा पेट घेत होती, जो तो मराठीसाठी काहीतरी करत होता. पेन्शनीत निघालेले माझे वडील म्हणाले, जा, चार बायकांना अक्षर शिकव, तेवढीच भाषेची सेवा. खरं म्हणजे मी दुपारी घरात नसले की त्यांना निवांत झोप लागायची. अशी मी भाषेच्या सेवेला ट्रामने लालबागला जाऊ लागले.

नियम आमच्या तपासनीस साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितले. साहेब गिरगावातल्याच जुन्या घराण्यातले, लांब कोट, काळी टोपी, अतिशय सभ्य गृहस्थ. इतके सभ्य की परक्या बाईच्या तोंडाकडे ते कधी बघत नसत. वर्गात आले की नजर कुठे ठेवावी हा प्रश्न पडायचा, मग ते मारुतीच्या चादरीशी बोलायचे. चादरीला उद्देशून ते म्हणाले, की दर चार-सहा महिन्यांनी परीक्षा होईल. जी पास होईल ती साक्षर, तिला दाखला मिळेल आणि तिने वर्ग सोडायचा. सगळ्या पास झाल्या की चाळ साक्षर झाली. मग वर्ग इथून उठेल आणि दुसऱ्या चाळीत भरेल. आणि एकही पास झाली नाही, तर वर्ग राहील पण बाई बदलेल. बाई म्हणजे मी.

पहिल्या हिवाळ्यात माझ्या बायका झपाट्याने शिकल्या. बहुतेक कोकणातल्या, नवरे गिरणीत. त्यांची पुढारी म्हणजे जिला सगळी चाळ काकी म्हणायची ती. काकी दुसऱ्या मजल्यावर खानावळ चालवायची. गावाकडे बायकामुलं ठेवून आलेले गिरणीतले बाप्ये तिच्याकडे दोन वेळा जेवायचे, आणि पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे तिची चूल विझायची ती फक्त दुपारी आमच्या वर्गापुरती. अंगाने थोराड, कपाळावर ठसठशीत कुंकू, आवाज असा की तिने जिन्यात "भात वाढलाय" म्हटलं की समोरच्या चाळीतली माणसं हात धुवायची. तिची सून वर्गात सगळ्यांत हुशार. तिला एकदा दाखवलेलं अक्षर दगडावरची रेघ व्हायचं. थोड्याच महिन्यांत ती वर्ग सुरू होण्याआधी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायची. कुठे मोर्चा, कुठे सभा, कोण पुढारी काय बरळला, हे सगळ्या ऐकायच्या आणि त्या पुढाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. मी आपली खूश. वाटायचं, पहिल्याच परीक्षेत वर्गच्या वर्ग पास होणार.

परीक्षेच्या दिवशी साहेब आले, चादरीला नमस्कार केला, आणि अक्षरांचे पत्ते एकेकीपुढे धरू लागले. पहिल्या पत्त्यावर घड्याळाचं चित्र आणि शेजारी घ. बाई म्हणाली, ही भाकरी. साहेब म्हणाले, नीट बघा. ती म्हणाली, भाकरीच, करपलेली. दुसरीला कमळ दाखवलं, तिने कांदा सांगितला. सुनेपुढे गवताचा ग आला. सकाळी अग्रलेख वाचलेली ती बया पत्त्याकडे अर्धा मिनिट बघत राहिली आणि म्हणाली, साहेब, असलं काही आमच्यात नसतं. पाटीवर नाव लिहायला सांगितलं तर एकीने पाटीवर रांगोळी काढली. काकी काहीच बोलली नाही. ती डोळे मिटून बसली, जणू पोथी ऐकते आहे. मला वाटलं, हिचं सोंग सगळ्यांत भारी.

साहेब हळू आवाजात "पालथ्या घड्यावर पाणी" असं काहीसं पुटपुटले आणि पुढच्या खेपेला बघू म्हणाले. ते गेल्यावर मी जे बोलले ते मारुतीने ऐकलं असेल तर तो चादर असून लाजला असेल. मी तापट आहे, आणि तेव्हा तर विशीतली होते. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग सून म्हणाली की शेजारच्या चाळीत असाच वर्ग होता. तिथल्या बायका सगळ्या पास झाल्या, नारळ फुटला, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारी त्या पुन्हा घरात. सासरे म्हणाले, झालात ना शहाण्या, आता कशाला तालमीत जाता.

मग हळूहळू उलगडा झाला. दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा माणसं. पाळीवरून आलेला दीर झोपलेला, त्याच्या पायाशी चूल, चुलीपाशी मूल. शेजारणीशी बोलत बसलं तर आळशी, दारात उभं राहिलं तर निर्लज्ज. पण वर्गाला जाणं म्हणजे सरकारी काम. त्याला सासूही आडवी येत नव्हती आणि नवराही. दिवसातून एकदा पाय पसरून बसायचं, चार बायकांत हसायचं, आणि हे सगळं अडाणीपणाच्या जोरावर. तो अडाणीपणा एका परीक्षेत उधळून टाकायला त्या काही अडाणी नव्हत्या.

माझी गोष्ट निराळी होती. कुणीच पास झाली नाही तर माझी उचलबांगडी. हे सांगताना, कबूल करते, मला रडू आलं. त्यावर वर्गात कुजबूज झाली, आणि काकीने मार्ग काढला. त्या चाळीत कुठलाही पेच भिशीने सुटायचा. सगळ्यांनी मिळून टाकायचं आणि चिठ्ठी निघेल तिने उचलायचं. भांडी त्यातून आली होती, मंगळसूत्रं त्यातून आली होती. काकी म्हणाली, साक्षर होण्याची भिशी लावू. दर परीक्षेला एकच चिठ्ठी काढायची. जिचं नाव निघेल तिने पास व्हायचं, बाकीच्यांनी नापास. बाईची नोकरीही राहील आणि वर्गही राहील.

ही भिशी उलटी होती. नेहमीच्या भिशीत आपला नंबर आधी लागावा म्हणून बायका नवस बोलतात, इथे लागू नये म्हणून बोलायच्या. भिशी चालवणारीने पहिला हप्ता उचलायचा हा सगळीकडचा रिवाज. ही उलटी, तेव्हा काकीचा नंबर सगळ्यांत शेवटी, असं ठरलं. चिठ्ठ्यांवर नावं सुवाच्य अक्षरात सून लिहायची. काकी पितळेच्या डब्यात हात घालून एक चिठ्ठी काढायची आणि न उघडता सुनेकडे द्यायची. मला तो खानावळवालीचा रुबाब वाटायचा. सून नाव वाचायची, आणि जिचं नाव निघालं ती कपाळाला हात लावायची. पुढल्या परीक्षेत ती बिचारी घ ला घ म्हणायची, दाखला घ्यायची आणि डोळे पुसत घरी जायची.

दाखला घरी दाखवायचाच नाही, आणि आठवड्याभरात ती परत यायची. आपल्या जावेच्या नावाने, नाहीतर गावाहून आलेल्या नणंदेच्या. साहेबांना काय कळणार, त्यांनी तोंड कुणाचं पाहिलंय. कचेरीच्या हिशेबी आमच्या चाळीत इतक्या जावा-नणंदा येऊन राहिल्या की त्या उभ्या करायला गॅलऱ्या पुरल्या नसत्या. साहेब एकदा काळजीने चादरीला म्हणाले, या चाळीत एक बाई साक्षर झाली की एक निरक्षर लगेच गावाहून येते, कोकणात काही दुष्काळ वगैरे आहे का? मी म्हटलं, चौकशी करते.

इकडे चळवळ वाढत होती. हरताळ, लाठीमार, गोळीबार. काही दिवस असे गेले की ट्रामच बंद, मी भायखळ्यापासून गल्ल्याबोळांतून चालत यायची आणि हवेत अश्रुधुराची चुरचुर असायची. गॅलरीतून बायका बादल्या भरून ठेवायच्या, खाली कुणी डोळे चोळत पळत आलं की वरून पाणी. मेलेल्यांची नावं सून ज्या दिवशी वाचायची, त्या दिवशी मी शिकवत नसे. मग एका दुपारी सून म्हणाली की नुसतं वाचून काय, लिहूया. तालमीतली तेलाची वाटी घेतली, गेरू कालवला, आणि माझा वर्ग गृहपाठाला बाहेर पडला. चिंचपोकळीच्या पुलापासून करी रोडपर्यंत जिथे मोकळी भिंत दिसली तिथे "झालाच पाहिजे".

लिहिणाऱ्या अनेक, पण अक्षर एकच, कारण शिकवणारी एकच. वडलांनी मला घोटून घेतलेला तो ऐटबाज झ, पोटात गाठ मारलेला, साऱ्या लालबागच्या भिंतींवर उभा राहिला. मी रस्त्याने जाताना मान खाली घालायची. साहेबांनी मात्र परीक्षेला आल्यावर चादरीपाशी मन मोकळं केलं. ते म्हणाले, येताना भिंती पाहिल्या. मजकुराबद्दल मला बोलायचं नाही, पण अक्षर काय सुरेख. असे विद्यार्थी आपल्या वर्गाला का मिळत नाहीत?

त्या अक्षराचा माग काढत एक जमादार दोन शिपाई घेऊन चाळीत आला. बाप्ये सगळे पाळीवर होते आणि गेरूचा ओघळ थेट तालमीच्या दारापर्यंत आला होता. जमादाराने दरडावून विचारलं, इथे लिहिता कुणाला येतं? काकी उठली, त्याच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली की आमच्यातल्या कुणाला लिहिता येत असतं तर आम्ही इथे कशाला बसलो असतो. जमादाराचा विश्वास बसेना. त्याने कचेरीत चौकशी केली. कचेरीने त्याला कळवलं की या चाळीतल्या बायका अनेक परीक्षांत सातत्याने निरक्षर आढळल्या आहेत. महापालिकेच्या हद्दीत इतका खात्रीचा अडाणीपणा दुसरीकडे नसेल. जमादार चरफडत गेला, आणि जाताना मला म्हणाला, बाई, तुमची दया येते.

अशी काही वर्षं मजेत गेली. काकीचा नंबर काही लागला नाही. चिठ्ठ्या संपत आल्या की ती काहीतरी निमित्त काढून डबा पुन्हा भरायची. कधी दोन नव्या बायका आल्या म्हणून, कधी सुतक म्हणून. चालवणारीचा तेवढा हक्क असतो, म्हणून कुणी बोलायचं नाही.

आणि मग बातमी आली की राज्य होणार, मुंबईसह. त्या दुपारी सुनेने बातमी वाचली आणि तिला पुढे वाचवेना. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. कुणीतरी चादर बाजूला सारून मारुतीला साखर भरवली, ब्रह्मचारी असला तरी आज चालतं म्हणून. त्याच आठवड्यात साहेब आले. कचेरीने ठरवलं होतं की नव्या राज्याचा सोहळा म्हणून विभागातले सगळे वर्ग एकदम साक्षर करायचे. चाळीच्या चौकात मांडव घालायचा, फळ्यावर वाक्यं लिहायची, एकेका बाईने सर्वांसमोर येऊन छडीने दाखवत एक वाक्य वाचायचं. सगळ्या पास व्हायला हव्यात, असं ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चादरीसमोर थोडा ओला झाला.

साहेब गेल्यावर मला वाटलं आता बायका नाकं मुरडतील. पण सगळ्या एका सुरात म्हणाल्या, भिशी मोडू. आपल्या राज्यात अंगठा उठवायचा नाही. वर्ग गेला तर गेला. दुपारी बाहेर पडायला दुसरं काहीतरी निमित्त शोधू. मला इतका आनंद झाला की मी कुणाला रागावले सुद्धा नाही.

त्या दिवशी सगळ्या गेल्या, काकी तेवढी मागे राहिली. ती चादरीची घडी घालत होती. घडी झाली, मोडली, पुन्हा घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाय, माका खराच येना नाय."

मी हसले. म्हटलं, काकी, आता पुरे, आता सोंग कुणासाठी? ती हसली नाही. खाली बसली, आणि मग सगळं सांगितलं. पहिल्या हिवाळ्यात सगळ्यांना अक्षरं लागली, तिला लागली नाहीत. आदल्या दिवशीचा क दुसऱ्या दिवशी तिला ओळखच दाखवत नसे. सुनेसमोर विचारायची लाज. एवढ्यात बायकांनी सोंग घ्यायला सुरुवात केली आणि तिला वाटलं, देव पावला. "सगळी सोंगा करीत हुती, तेच्यात माझा खपान गेला," ती म्हणाली. एकदा गावी जाताना बोटीतून उतरून ती भलत्याच एसटीत बसली होती आणि परक्या गावात एका लग्नघरी पोचली होती. तिथल्यांनी तिला मुलीकडची समजून पंक्तीला बसवलं. ही गोष्ट ती वर्गात खो खो हसवत सांगायची. आता म्हणाली की त्या पंगतीत ती मान खाली घालून रडत जेवली, कारण घरी कसं जायचं ते विचारायला तोंड नव्हतं. शिकायचं तिला तेव्हापासून होतं. आता सगळ्या पास होणार, वर्ग उठणार, आणि नव्या राज्यात सबंध चाळीत अडाणी म्हणून ती एकटी उरणार.

माझ्या डोक्यात पटकन आलं ते असं की सोहळ्याला पंधरवडाच उरलाय आणि एवढ्यात काही होण्यासारखं नाही. तेव्हा वाक्य पाठ करून टाका. फळ्यावरचं शेवटचं वाक्य तुमचं. छडी धरा, म्हणा, टाळ्या घ्या. काकीने मान डोलावली. तिला हवं ते वाक्य मी फळ्यावर लिहीन असं मी म्हटलं. बराच विचार करून तिने सांगितलं, यापुढे आम्ही पाटी वाचून गाडीत बसू. ते तिने एका दमात पाठ केलं. पाठांतर तिचं पहिल्यापासून चोख होतं. मी हे कुणालाही सांगितलं नाही.

सोहळ्याच्या दिवशी चौक ओळखू येत नव्हता. दारादारांत गुढ्या, गॅलऱ्यांना पताका, ताशे. पुढच्या रांगेत नवरे बसले होते, इस्त्रीचे कपडे, दाढ्या केलेल्या. आपली बायको वाचणार म्हणून शेजाऱ्याला कोपराने ढोसत होते. कचेरीतले मोठे लोक आले होते. साहेब नवा कोट घालून आले होते, आणि चादर नसल्यामुळे आता कुठे बघावं या विवंचनेत होते. फळ्यावर मी सगळी वाक्यं काढली, झ सुद्धा.

पहिलं वाक्य सुनेचं: आमचं राज्य आलं. ती पदर खोचून वर आली, छडी घेतली, फळ्याकडे पाहिलं. ती बघतच राहिली. मग छडी खाली ठेवून स्वच्छ आवाजात म्हणाली, "नाय येत, साहेब."

मला वाटलं घाबरली. पण दुसरी आली, तिनेही फळ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, येत नाही. तिसरीने मान हलवली. चौथी म्हणाली, ही भाकरी. नवऱ्यांच्या रांगेत चुळबूज सुरू झाली. सुनेचा नवरा उभा राहून म्हणाला, अगो, काल तर पेपर वाचीत होतीस, आणि बाकीच्यांनी त्याला खाली बसवलं. मी संतापले. इतकी वर्षं जे सोंग घरातल्या घरात चाललं ते आज, या दिवशी, या मांडवात? पाचवी खाली उतरताना माझ्या अंगावरून गेली, आणि मी दातओठ खात विचारलं की हे काय चालवलंय. ती न थांबता म्हणाली, "काकीचा शिकान अजून व्हायचा आसा."

त्यांना माहीत होतं. पहिल्यापासून सगळ्यांना माहीत होतं. चिठ्ठी न उघडता सुनेकडे जायची तेव्हाही, डबा पुन्हा भरला जायचा तेव्हाही. भिशी मोडू म्हणताना आनंदाच्या भरात तेवढं विसरल्या होत्या, मागाहून आपसात ठरवलं असणार. एकटी मीच तेवढी रुबाब समजत बसले होते. आणि त्याच वेळी ध्यानात आलं की एकही पास झाली नाही तर वर्ग राहील पण मी जाईन, आणि मग काकीला शिकवायला कुणीतरी तिसरीच येईल. मांडवातल्या मोठ्या माणसांच्या भुवया चढल्याच होत्या. एकाने साहेबांना विचारलंही, की इथली शिक्षिका कोण.

काकी सगळ्यांत शेवटी होती. तिने सगळं पाहिलं होतं आणि ऐकलंही होतं. ती वर आली तेव्हा तिचं तोंड ओलं होतं आणि ते पुसायची तिने तसदी घेतली नाही. बायका खालून तिला खुणावत होत्या की नको, तूही नापास हो. काकीने एकदा त्या विचारणाऱ्या मोठ्या माणसाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग छडी उचलून फळ्याला टेकवली आणि जिन्यातल्या त्या आवाजात म्हणाली, यापुढे आम्ही पाटी वाचून गाडीत बसू.

छडी टेकली होती ती "आमचं राज्य आलं" वर.

मांडवाच्या मागपर्यंत टाळ्या पडल्या. साहेबांनी फळ्याकडे पाहिलं, छडीच्या टोकाकडे पाहिलं, आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा वर्गातल्या एका बाईच्या तोंडाकडे पाहिलं. चांगलं न्याहाळून पाहिलं. नंतर त्यांनी खाली उभ्या असलेल्या जावा-नणंदांच्या ताफ्याकडे नजर फिरवली, आणि एकेका तोंडावर ती थोडी थोडी थांबली. मला वाटलं, संपलं सगळं.

"पास," साहेब म्हणाले. स्वतःच्या हाताने त्यांनी तिला हार घातला. मोठ्या माणसांना त्यांनी सांगितलं की या वर्गाने एक बाई पूर्ण साक्षर केली आहे, शिक्षिका कष्टाळू आहे, पण बाकीच्यांना अजून बराच अवधी लागेल. जाताना माझ्याजवळ थांबले आणि चादर नसल्यामुळे माझ्याशीच बोलले. म्हणाले की वर्ग चालू ठेवा, आणि त्या बाईंची कुणी जाऊ वगैरे गावाहून आली तर नाव घालून घ्या.

त्या संध्याकाळी चाळीत बरीच आदळआपट झाली. अडाणी ती अडाणीच, लोकांत नाक कापलं, असं बाप्ये खानावळीत जेवताना बोलत होते, आणि काकी हार काढून ठेवून त्यांना भात वाढत होती. सून नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. त्यांच्यातल्या एकीलाही घरी खरं सांगावंसं वाटलं नाही, कारण सांगितलं तर दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तर काकी माझ्याआधी येऊन बसली होती, गावाकडच्या थोरल्या जावेच्या नावाने. बाकीच्याही आल्या, पण पाट्या कुणी आणल्या नव्हत्या. तांदूळ निवडायला सुपं आणली होती, आणि आमच्याकडे पाठ करून त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. इतकी वर्षं खिदळणारा तो वर्ग देवळासारखा गप्प होता, नुसते खडे टिपल्याचे आवाज. मी काकीजवळ खाली बसले. कुठून सुरू करायचं ते विचारलं. तिने पाटी पदराने लख्ख पुसून माझ्या मांडीवर ठेवली.

"अ पासना," ती म्हणाली. "सावकाश शिकव. घाय नाय. राज्य आता आपलाच आसा."